गप्प कुणाला करायचं?

तृतीय वर्ष, रसायन अभियांत्रिकी

“इंजिनिअरिंगच्या अंकात बायकांच्या कॅन्सरवर लेख? संपादक मंडळाला यंदा कविता कमी पडल्या की काय?” असं म्हणून पान उलटणार असाल, तर मित्रांनो, एक मिनिट थांबा. हा लेख डॉक्टर मंडळींसाठी नाही, आपल्यासाठीच आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर हा असा आजार आहे, की त्यातलं जीवशास्त्राचं कोडं बरंचसं सुटलंय. जे उरलंय ते इंजिनिअरिंगचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दुसरं मत असं, की ते सुटेपर्यंत जे हातात आहे तेही आपण करत नाही, कारण त्यासाठी तोंड उघडावं लागतं. पहिलं मत पटायला थोडं विज्ञान लागेल, दुसरं पटायला थोडी लाज सोडावी लागेल. एकेक करून घेऊ.

आधी आकडे, कारण आकड्यांशिवाय आपल्या लोकांना काही पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार बायका त्याने दगावल्या. काढा कॅल्क्युलेटर. तासाला नऊ! म्हणजे मागच्या बाकावर आपण एक लेक्चर पेंगून काढतो, तेवढ्या वेळात नऊ जणी. जगात त्या वर्षी या आजाराने जितक्या बायका गेल्या, त्यांत दर पाचांतली एक, खरं तर त्याहून थोडी जास्तच, आपल्या देशातली होती.

यातली चीड आणणारी गोष्ट अशी, की बहुतेक कॅन्सरच्या बाबतीत ‘हा झाला कशामुळे?’ याला नेमकं उत्तर नसतं, इथे आहे. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये या विषाणूचा १६ नंबरचा प्रकार आणि १९८४ मध्ये १८ नंबरचा प्रकार या कॅन्सरच्या गाठींमध्ये शोधून काढला. त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. या दोन नंबरांमुळेच जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर होतात. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि तो इतका सर्रास आहे, की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. वर्षा-दोन वर्षांत तो बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो, कळतसुद्धा नाही. काही जणींच्या शरीरात मात्र तो मुक्काम ठोकतो, आणि मग साधारण १५-२० वर्षांनी कॅन्सर उभा राहतो.

तो करतो काय? आपल्या डीएनएत तीन अब्ज अक्षरं असतात, या विषाणूच्या डीएनएत जेमतेम आठ हजार. त्यात मोजकी जनुकं. त्यांपैकी ई-६ आणि ई-७ या दोघांचे उद्योग महत्त्वाचे. आपल्या पेशीला दोन मोठे ब्रेक असतात. एक आरबी नावाचं प्रथिन. ‘आता वाढ पुरे’ म्हणून ते पेशीचं विभाजन रोखून धरतं. दुसरं पी-५३, हा आपला क्वालिटी इन्स्पेक्टर. डीएनएत बिघाड दिसला की काम थांबवतो, आणि दुरुस्ती होत नसेल तर त्या पेशीला मरायला लावतो. ई-७ जाऊन आरबीला निकामी करतो आणि ई-६ पी-५३ ला थेट भंगारात पाठवतो. ब्रेक नाही, इन्स्पेक्टर नाही. मग गाडी उतारावर सुटणार नाही तर काय होणार?

पण इथेच खरी गंमत आहे. दुसऱ्या अनेक कॅन्सरमध्ये पी-५३ चं जनुकच बिघडलेलं असतं, म्हणजे ब्रेक मुळात मोडलेला असतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा तसं नसतं. ब्रेक शाबूत असतात, फक्त विषाणूने ते दाबून ठेवलेले असतात. दाबणारा हात काढला तर?

याचं उत्तर एका बाईच्या पेशींनी दिलं, जी १९५१ मध्येच गेली. हेन्रिएटा लॅक्स हे तिचं नाव. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर तिच्यावर उपचार चालू असताना तिच्या गाठीतल्या पेशी काढून घेतल्या गेल्या, तिला न विचारता. त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये वाढताहेत. ‘हीला’ पेशी म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांच्यात १८ नंबरचा एचपीव्ही आहे. २००० साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी या पेशींमधली ई-६ आणि ई-७ ही जनुकं बंद पाडून दाखवली. काय झालं असेल? जवळजवळ पन्नास वर्षं निपचित पडलेले दोन्ही ब्रेक पुन्हा लागले आणि पेशींची वाढ थांबली. विचार करा, अर्ध्या शतकात त्या पेशी किती वेळा विभागल्या असतील! तरीही त्या दोन विषाणू-जनुकांशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. कॅन्सरवर औषध शोधणाऱ्याला याहून चांगला नेम कुठे मिळणार? ही जनुकं कॅन्सरच्या पेशीला हवीच असतात, आणि आपल्या निरोगी पेशींमध्ये ती नसतातच.

आता येऊ ‘जीन सायलेन्सिंग’कडे. सरळ मराठीत, जनुकाला गप्प करणं. हे समजायला सबमिशनचा आठवडा आठवा. टॉपरचं ओरिजिनल जर्नल कपाटात कुलूपबंद असतं. ते बाहेर येत नाही, त्याच्या झेरॉक्स बाहेर येतात आणि त्यांच्यावरून अख्खं हॉस्टेल रात्रभर उतरवत बसतं. पेशीतही तेच चालतं. डीएनए म्हणजे ओरिजिनल जर्नल, ते केंद्रकात बंद. त्याची झेरॉक्स म्हणजे एम-आरएनए. ती केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिनं बनतात. आता समजा, एखाद्या खडूस माणसाने कपाटाला हात न लावता, प्रयोग नंबर ६ आणि ७ च्या झेरॉक्स तेवढ्या बाहेर पडल्या पडल्या फाडायचं ठरवलं, तर? जर्नल जागच्या जागी राहील, बाकीचे प्रयोगही उतरवले जातील, पण ६ आणि ७ कुणालाच उतरवता येणार नाहीत. झालं! यालाच म्हणतात जनुक गप्प करणं.

कोणती झेरॉक्स फाडायची हे ओळखण्यासाठी आरएनएचा २१ अक्षरांचा एक छोटासा तुकडा पेशीत सोडतात; त्याला एसआय-आरएनए म्हणतात. पेशीतलंच एक यंत्र हा तुकडा नमुना म्हणून धरतं आणि त्याच्याशी जुळणारी झेरॉक्स सापडली की कापून टाकतं. यंत्र निसर्गाने आधीच बसवून ठेवलंय, आपण फक्त नमुना पुरवायचा. चार अक्षरांची वर्णमाला आणि २१ जागा, म्हणजे चाराचा एकविसावा घात, चार लाख कोटींच्या वर शक्यता. त्यामुळे फक्त विषाणूच्या जनुकाशी जुळेल आणि आपल्या एकाही जनुकाशी पूर्ण जुळणार नाही असा तुकडा निवडता येतो.

हा शोध कसा लागला तेही वाचण्यासारखं आहे. १९९० मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी पेट्युनियाच्या जांभळ्या फुलांचा रंग आणखी गडद व्हावा म्हणून रंगाचं जादा जनुक झाडात घातलं, तर काही फुलं चक्क पांढरी आली! रंगाचं जनुक गप्प झालं होतं. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या जंतावर प्रयोग करून यामागची गुरुकिल्ली दुपदरी आरएनए आहे हे दाखवलं. २००१ मध्ये थॉमस टुशल यांच्या गटाने माणसाच्या पेशींतही २१ अक्षरांचे तुकडे हे काम करतात हे सिद्ध केलं. २००६ मध्ये फायर आणि मेलो यांना नोबेल, शोधानंतर अवघ्या आठ वर्षांत. आणि मधल्या काळात, २००२ मध्ये, इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात जिआंग आणि मिल्नर यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशींवर हेच हत्यार चालवलं. ई-६ गप्प केल्यावर पी-५३ परत साठू लागलं आणि पेशींची वाढ मंदावली. ई-७ गप्प केल्यावर पेशी मेल्या.

२००२! म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांचा जन्मही झाला नव्हता. नेम माहीत, हत्यार माहीत, आणि मी हे लिहितोय तोपर्यंत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर असं एकही औषध बाजारात नाही. मग घोडं पेंड खातं कुठे?

घोडं पेंड खातं ते डिलिव्हरीत. काचेच्या बशीतल्या पेशींवर एसआय-आरएनए टाकणं वेगळं आणि जिवंत बाईच्या शरीरातल्या गाठीपर्यंत ते पोचवणं वेगळं. नुसतं इंजेक्शन दिलं, तर रक्तातली एन्झाइम्स त्याचे तुकडे करतात आणि उरलेलं मूत्रपिंडं काही मिनिटांत गाळून टाकतात. त्यातून पेशीपर्यंत पोचलंच, तर त्याच्यावर ऋण भार, पेशीच्या पडद्यावरही ऋण भार, दारातच अडकणार. म्हणून त्याला चरबीच्या नॅनो आकाराच्या गोळीत गुंडाळतात. पेशी ती गोळी गिळते खरी, पण एका पिशवीत कोंडून ठेवते. त्या पिशवीतून निसटून कामाच्या जागी पोचणारा माल किती? मोजणाऱ्यांनी मोजलंय, शंभरात एक-दोन. आपल्या कॉलेजात एवढ्या एफिशियन्सीचा प्रोजेक्ट दाखवला तर व्हायवालाच हाकलून देतील!

या अडचणीने भलेभले थकले. मर्क कंपनीने २००६ मध्ये या क्षेत्रातली सर्ना नावाची कंपनी १.१ अब्ज डॉलरला घेतली आणि २०१४ मध्ये तो सगळा कारभार साडेसतरा कोटी डॉलरला विकून टाकला. रोशने तर २०१० मध्येच गाशा गुंडाळला. तरी काही जण चिकटून राहिले आणि २०१८ मध्ये पॅटिसिरान हे पहिलं एसआय-आरएनए औषध अमेरिकेत मंजूर झालं, एका दुर्मिळ आनुवंशिक आजारासाठी. त्यानंतर अशी आणखी अर्धा डझन तरी औषधं आली. कोलेस्टेरॉलसाठीचं इन्क्लिसिरान तर सुरुवातीच्या डोसांनंतर वर्षातून दोनदाच घ्यायचं. पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: ही सगळी औषधं यकृतात काम करतात. चरबीची गोळी रक्तात शिरली की रक्तातलं एक प्रथिन तिला चिकटतं आणि यकृत तिला ओळखीची समजून आत घेतं. थोडक्यात काय, आपल्याला यकृताचा पिनकोड सापडलाय, गर्भाशयमुखाचा अजून नाही.

शिवाय एक फरक विसरून चालणार नाही. यकृताच्या आजारात एखादं वाईट प्रथिन ८० टक्क्यांनी कमी केलं तरी रुग्णाला आराम पडतो. कॅन्सरमध्ये ८० टक्के पेशी गप्प करून भागत नाही, उरलेल्या २० टक्के पुन्हा गाठ उभी करतात. त्यात झेरॉक्स फाडण्याचा परिणाम कायमचा नसतो, जर्नल तर कपाटातच असतं. औषध पुन्हा पुन्हा द्यावं लागणार. १६ नंबरसाठी केलेला नमुना १८ नंबरला चालत नाही. आणि तुकड्यातली सात-आठ अक्षरं जुळली तरी कधीकधी भलतीच झेरॉक्स दबली जाते. हे सगळं मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे, नाहीतर आपण उगाच ‘कॅन्सरवर रामबाण’ छापणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू.

पण म्हणून हा नाद सोडावा का? मला नाही वाटत. एकतर गर्भाशयाचं मुख हे मेंदू किंवा स्वादुपिंडासारखं आत दडलेलं नाही. तिथे बाहेरून पोचता येतं. २००६ मध्येच उंदरांच्या योनिमार्गात चरबीत गुंडाळलेलं एसआय-आरएनए सोडून त्यांना हर्पिसच्या विषाणूपासून वाचवून दाखवलं गेलंय. दुसरं म्हणजे हे औषध एकट्यानेच सगळी लढाई जिंकायला हवी असं कुठे आहे? पी-५३ जागा झाला की पेशी सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमोथेरपीच्या औषधाला लवकर बळी पडतात, हे २००५ मध्ये प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणजे जोडीला गप्प करणारं औषध दिलं, तर तेवढ्याच केमोचा फायदा जास्त होईल, अशी आशा ठेवायला जागा आहे. आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या गटाने तर झेरॉक्स सोडून थेट जर्नलवरच घाव घातला. क्रिस्पर नावाची जनुकं कापणारी कात्री चरबीच्या गोळीतून उंदरांच्या शिरेत सोडली आणि त्यांच्या एचपीव्हीच्या गाठी नाहीशा केल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण रस्ता बंद नाही एवढं तर कळतं.

आता यादी करून बघा, अडलेलं काम कुणाचं आहे. एकसारख्या आकाराची चरबीची गोळी बनवणं, हे मिक्सिंगचं आणि मास ट्रान्सफरचं काम, म्हणजे आम्हा केमिकलवाल्यांचं. बारीक सुयांची पट्टी किंवा तिथल्या चिकट स्रावात टिकून राहणारं जेल, हे मेकॅनिकल आणि पॉलिमरवाल्यांचं. भलतीच झेरॉक्स दाबली जाणार नाही असा नमुना तीन अब्ज अक्षरांतून शोधणं, हे कॉम्प्युटरवाल्यांचं. आणि हे काम फक्त परदेशातच होतं असं समजू नका. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एम-आरएनए लसीला २०२२ मध्ये आपल्याकडे मंजुरी मिळाली आणि ती साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत टिकते. आरएनए गुंडाळायची विद्या इथे, आपल्या महाराष्ट्रात आहे. पॅटिसिरानची बाजारात आली तेव्हाची किंमत होती वर्षाला साडेचार लाख डॉलर. बाहेरून येणाऱ्या अशा औषधाची वाट बघत बसलो, तर ते आपल्याकडच्या बाईपर्यंत कधी पोचायचं? किंमत हेसुद्धा डिझाइनचंच स्पेसिफिकेशन असतं, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवलंय ना!

हे झालं पहिलं मत. आता दुसरं, आणि इथे काही जण खाली माना घालतील.

आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी आहेत. नाव लिहीत नाही. पाळी जाऊन तीन-चार वर्षं झालेली असताना त्यांच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं. ‘उष्णता वाढली असेल’ म्हणून त्यांनी सब्जाचं पाणी घेतलं, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. घरात मुलगा, सून, सांगणार कुणाला? असं वर्षभर. शेवटी कंबर इतकी दुखायला लागली की तव्यासमोर उभं राहवेना, तेव्हा तपासणी झाली. तिसरी स्टेज. आता रेडिएशन चालू आहे, लोकांच्या भाषेत ‘शेक’. मध्यंतरी भेटल्या तेव्हा काय झालंय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “तुम्ही पोरं रे बाबा, तुम्हाला काय सांगायचं हे!”

हे वाक्य मला एसआय-आरएनएच्या सगळ्या अडचणींपेक्षा अवघड वाटतं. कारण उद्या ते औषध आलं, अगदी फुकट मिळायला लागलं, तरी जी बाई वर्षभर कुणाला सांगतच नाही तिला ते देणार कधी?

आणि वेळेत सापडलं तर हा आजार किती सोपा आहे! मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून एक प्रयोग केला. दीड लाख बायका. चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपल्या चायनीजच्या गाडीवरचं व्हिनेगर असतं तसलं, लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते बघायचं, बस. एवढ्यावर या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. सोलापूर-धाराशिवकडच्या पोरांना तर अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने, १ लाख ३१ हजार बायकांवर १९९९ पासून अभ्यास झाला. २००९ मध्ये निकाल आला: एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा केली तरी मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात. जगभर आज या तपासणीवर जो भर दिला जातो, त्यामागे आपल्या मराठवाड्यातल्या बायकांचा तो अभ्यास आहे. आणि कॅन्सर होण्याआधीचा डाग सापडला तर तो गोठवून किंवा भाजून काढायला काही मिनिटं पुरतात. त्यासाठी जीन सायलेन्सिंगची गरजच नाही.

एवढं असून २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या किती बायकांनी आयुष्यात कधीतरी ही तपासणी करून घेतल्याचं निघालं? १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

म्हणून मला दोन्हीकडच्या लोकांशी भांडायचंय. ‘व्हिनेगरने काम होतंय तर जनुकांचे महागडे चोचले कशाला?’ असं म्हणणाऱ्यांना मी मावशींचं उदाहरण देईन. त्यांच्यासाठी व्हिनेगरची वेळ निघून गेली, त्यांना पुढचं हत्यार हवंय. आणि ‘आता लस आलीय, क्रिस्पर येतंय, प्रश्न सुटला’ म्हणणाऱ्यांना सांगेन, लस विषाणू शिरायच्या आधी काम करते, शिरल्यावर नाही. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली ही मोठीच गोष्ट आहे, पण ती आपल्या धाकट्या बहिणीसाठी. आपल्या आईच्या वयाच्या बायकांना लागते ती तपासणी. आणि ज्यांना उशीर झालाय त्यांच्यासाठी नवं औषध. तीन रांगा आहेत. एका रांगेतल्या बाईला दुसऱ्या रांगेचं तिकीट देऊन कसं चालेल?

पोरांनो, ‘आपला काय संबंध?’ हा प्रश्न तर विचारूच नका. हा विषाणू बायकांना येतो तो बहुतेक वेळा पुरुषाकडूनच. पुरुषांनाही त्याच्यामुळे घशाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि लस मुलग्यांनाही देतात. आणखी एक: तपासणीत एचपीव्ही निघाला म्हणजे कुणाच्या चारित्र्यावर डाग लागत नाही. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, कुणाकडून कधी आला हे सांगता येत नाही. हे जर घरोघरच्या पुरुषांना कळलं, तर अर्ध्या बायका न घाबरता तपासणीला जातील असं मला वाटतं.

शेवटी, नुसतं मत मांडून पळून जाणं बरं दिसत नाही, म्हणून तीन सूचना. एक, रक्तदान शिबिर आपण एनएसएसतर्फे दरवर्षी घेतो, तसंच जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राच्या मदतीने मेस, सफाई आणि ऑफिसातल्या बायकांसाठी एक तपासणी शिबिर घ्यावं. डॉक्टर बाईच असाव्यात, आणि त्या दिवसाचा पगार कापू नये. २०१६ च्या सरकारी सूचनांतच ३० ते ६५ वयाच्या बायकांची पाच वर्षांतून एकदा तपासणी सांगितलेली आहे, आपण काही वेगळं मागत नाही. सर-मॅडमनी मनावर घेतलं तर अवघड नाही. दोन, फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या यादीत पार्किंग सिस्टीमच्या जोडीला नॅनोगोळ्यांच्या मिक्सरचा किंवा बॅटरीवर चालणाऱ्या तपासणी-दिव्याचा एखादा विषय येऊ द्या. तीन, सुट्टीत घरी जाल तेव्हा आईला विचारा, “आई, तू ती तपासणी केलीयेस का गं?” पहिल्या वेळी दोघांनाही अवघडल्यासारखं होईल. होऊ दे. व्हायवाला आपण याहून जास्त अवघडलेलो असतो!

ई-६ आणि ई-७ ला गप्प करायचं काम अजून काही वर्षं चालेल, कदाचित आपल्यापैकीच कुणीतरी ते पुरं करेल. आपण मात्र तोवर गप्प बसू नये, एवढंच म्हणणं आहे. बघा, पटतंय का!